दोन भराव आणि एक सावकार

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘शेअर बाजार : सावध सुरुवात’ असं छापलंय आणि व्याख्यानमाला तर इतिहासाची आहे. त्यामुळे समोर दोन प्रकारचे लोक बसले असणार. काहींना इतिहास ऐकायचाय, काहींना टिप हवी आहे. टिपवाल्यांना आधीच सांगतो, ती मिळणार नाही. मी दलाल नाही, सल्लागार नाही. अमुक शेअर घ्या, तमुक विका, असं एकही वाक्य माझ्या तोंडून आज निघणार नाही. पण पैसा गुंतवायच्या आधी कोणते प्रश्न विचारायचे, हे मात्र आपल्या नागपूरच्या इतिहासातून फार स्वच्छ दिसतं. तेवढंच आज आपण पाहू.

सुरुवात नागपुरातल्याच एका गोष्टीने करतो. आपला गांधीसागर, म्हणजे जुना शुक्रवारी तलाव, त्याला जुम्मा तलावही म्हणत. १८७४ च्या सुमारास त्याच्या जवळच्या दलदलीच्या जागेवर मोठं काम सुरू झालं. मुंबईचा एक पस्तिशीतला पारशी गृहस्थ ती खोलगट, चिखलाची जमीन माती टाकून भरून घेत होता. त्याला तिथे कापडाची गिरणी काढायची होती. नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. त्याने गावातल्या एका सावकाराकडे भांडवल मागितलं. सावकार नाही म्हणाला. जो माणूस सोनं घालून खड्डे भरतो त्याला मी पैसे देणार नाही, असा त्याचा सूर. पुढे गिरणी चालली, जोरात चालली, तेव्हा त्याच सावकाराने कबूल केलं म्हणतात, की या माणसाने जमिनीत माती घातली आणि सोनं बाहेर काढलं. टाटांच्या चरित्रांतून ही गोष्ट आजवर सांगितली जाते.

ही गोष्ट आपण कशी ऐकतो? सावकार भित्रा, जमशेटजी द्रष्टे, आणि तात्पर्य काय तर धाडस करा. मला हे तात्पर्य पटत नाही. कारण या गोष्टीच्या दहाच वर्षं आधी मुंबईत आणखी एक भराव चालला होता. तिथेही लोक पाण्यात माती टाकत होते, आणि तिथे ज्यांनी ‘धाडस’ केलं ते देशोधडीला लागले. तो इतिहास पाहिल्याशिवाय आपल्या सावकाराला हसायचा अधिकार आपल्याला नाही.

तर चला मुंबईला, १८६१ मध्ये.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग त्यांनी मोर्चा वळवला हिंदुस्थानी कापसाकडे, म्हणजे गुजरातच्या आणि आपल्या वऱ्हाडच्या. हिंगणघाट आणि उमरावती ही नावं लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या जाती म्हणून ओळखली जात, हे लक्षात घ्या. भाव चढत गेले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. आता पूर आला की पाणी कुठेतरी साचतंच. तसा हा पैसा शेअरमध्ये साचला. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची कंपनी काढणं सोपं करून ठेवलं होतंच. १८६४-६५ च्या मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि जमिनीच्या ८ कंपन्या असल्याची नोंद सापडते. एका शहरात ३१ बँका! यांतल्या कितीतरी कंपन्यांचा धंदा एकच होता, दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घेणं आणि त्या शेअरवर कर्ज देणं.

सगळ्यांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. समुद्र हटवून जमीन काढायची, असा तिचा बेत. बेत खोटा नव्हता. मुंबईत जागेची टंचाई खरी होती, रेल्वेला जमीन हवी होती, आणि त्या किनाऱ्याने पुढे रेल्वे धावलीही. पण पाच हजार रुपये दर्शनी किमतीचा शेअर लोक त्याच्या कितीतरी पट भावाने घेत होते. का घेत होते? तर उद्या कोणीतरी त्याहून जास्त देईल म्हणून. आणि घेत होते कशाने? बरेचसे उसन्या पैशाने. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा हिस्सा असलेली, प्रतिष्ठेची बँक. तीसुद्धा शेअर तारण ठेवून कर्ज वाटत होती. या सगळ्या खेळाच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, तेच.

शिवाय वायदे होते. शेअर आज हातात घ्यायचा नाही, पुढच्या अमुक तारखेला घेईन असा करार करायचा. पैसे तेव्हा. मधल्या काळात भाव चढला की करारच विकून फायदा. असे ढीगभर वायदे १ जुलै १८६५ या एकाच तारखेला येऊन थांबले होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत जनरल ली शरण गेला. युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले. १ जुलै उजाडला तेव्हा घेणाऱ्याकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला, असं त्या काळाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १८६८ मध्ये ती बँकच बुडाली.

आता एक क्षण थांबा. या काळात आपले जमशेटजी कुठे होते? लंडनमध्ये. वय पंचवीस-सव्वीस. तिथे हिंदुस्थानी बँक उभी करायच्या बेताने गेलेले. मुंबईत सगळं कोसळलं आणि त्यांच्या पेढीने ज्या कापसाच्या हुंड्यांवर विश्वास ठेवला होता त्यांची किंमत कागदाची झाली. हा तरुण काय करतो? पळून जात नाही. धनकोंपुढे हिशेबाची वही उघडी ठेवतो. त्यांना त्याचा इतका विश्वास वाटला, की पेढीचा व्यवहार गुंडाळायचं काम त्याच्याकडेच दिलं, महिना वीस पौंड पगारावर. इकडे मुंबईत वडिलांना राहतं घर विकावं लागलं.

म्हणजे नागपुरात दलदल भरणारा माणूस पहिल्या भरावात पोळून निघालेला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. जमशेटजींनी ताक प्यायचं सोडलं नाही, पण फुंकलं मात्र भरपूर. कसं ते बघा.

पहिलं, ते एकदम मोठ्या कामात पडले नाहीत. १८६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेत लष्कराला पुरवठा करण्याच्या कंत्राटात वडिलांचा वाटा होता, त्यातून घराला पुन्हा भांडवल मिळालं. त्यानंतर जमशेटजींनी चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापड गिरणी केली, चालवून पाहिली आणि दोन वर्षांत नफ्याने विकली. ही त्यांची छोटी सुरुवात. धंदा आपल्याला कळतो का, याची परीक्षा.

दुसरं, मग ते लँकशायरला गेले आणि गिरणी कशी चालते ते तिथे राहून पाहिलं. ज्यांच्याशी स्पर्धा करायची त्यांच्याच दारात जाऊन शिकले.

तिसरं, जागा. सगळ्या गिरण्या मुंबईत. हा माणूस नागपूरला येतो. मुंबईकरांना ते वेड वाटलं. पण हिशेब मांडून पाहा. वर्धा, हिंगणघाटचा कापूस हाताशी. वरोऱ्याला कोळशाची खाण नुकतीच सुरू झालेली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचलेली. आणि हातमागावर विणणारे कोष्टी, साळी या शहरात आणि आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या सूत घेणारे. कच्चा माल, इंधन, वाहतूक आणि गिऱ्हाईक ही चारही एका ठिकाणी. मग त्या जागेवर थोडा चिखल असला तर तो भरता येतो.

१८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली, सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग घेऊन. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. सुरुवात गुळगुळीत नव्हती. आधी घेतलेली यंत्रं हलकी निघाली, ती बदलावी लागली. पण व्यवस्थापक बेझनजी मेहता, जे पूर्वी रेल्वेत होते, आणि तंत्रज्ञ ब्रुक्सबी या जोडीने गिरणी सावरली. नव्या रिंग चात्या हिंदुस्थानात आधी आजमावून पाहणाऱ्यांत ही गिरणी होती.

आता दोन्ही भराव शेजारी ठेवा. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. पाणी, माती, मजूर, आणि भांडवल मागणारा मुंबईचा माणूस. आपल्या सावकाराने तेवढंच पाहिलं. १८६५ नंतर भराव म्हटल्यावर कोणाच्याही पोटात गोळा आला असता, त्याला मी दोष देत नाही. पण नुसतं नाही म्हणणं म्हणजे सावधपणा नव्हे, आणि नुसतं हो म्हणणं म्हणजे धाडस नव्हे. सावधपणा म्हणजे चौकशी. त्या सावकाराने चार प्रश्न विचारले असते तर कदाचित हजार रुपये तरी घातले असते. आणि मुंबईच्या लोकांनी तेच चार प्रश्न विचारले असते तर त्यांची घरं वाचली असती.

कोणते चार प्रश्न? ते आता एकेक करून बघू, पण आजच्या काळात आणून.

पहिला प्रश्न : पैसा येणार कुठून? एम्प्रेस मिलचा पैसा सुतातून आणि कापडातून येणार होता. मुंबईतल्या कितीतरी कंपन्यांचा पैसा दुसऱ्या शेअरच्या चढत्या भावातून येणार होता. हा फरक आजही तोच आहे. कंपनी काय बनवते, कोणाला विकते, नफा होतो का, कर्ज किती, हे तुम्हाला घरच्या माणसाला चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर थांबा. त्या सावकारापेक्षा तुम्ही नशीबवान आहात. १८७४ मध्ये देशात नोंदलेला शेअर बाजारसुद्धा नव्हता, मुंबईच्या दलालांची संघटना १८७५ मध्ये झाली. सेबीला कायद्याने अधिकार मिळाले १९९२ मध्ये. आज कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट, मोबाईलवर मिळतो. वाचत नाही तो भाग वेगळा. आणि याच प्रश्नाचं शेपूट म्हणजे, जो मला सांगतोय त्याचा पैसा कुठून येणार? त्या काळी मुंबईच्या गिरण्यांमध्ये बरेच एजंट उत्पादनाच्या दर पौंडामागे पाव आणा कमिशन घेत. नफा होवो न होवो, भागधारकाला मिळो न मिळो, पाव आणा ठरलेला. आज तुम्हाला सल्ला देणाऱ्याचा पाव आणा कशावर ठरलाय, ते विचारा. विचारण्यात लाज कसली?

दुसरा प्रश्न : पैसा कोणाचा आणि कधी लागणार? १८६५ मध्ये मेले ते उसनवारीवाले आणि वायदेवाले. स्वतःच्या पैशाने शेअर घेऊन पेटीत ठेवणाऱ्याचंही नुकसान झालं, पण त्याचं घर गेलं नाही. आजचे वायदे म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स. नागपुरातल्या चहाच्या टपरीवर विशीतली पोरं आज त्याच्या गोष्टी करताना दिसतात. सेबीने २०२४ मध्ये एक कोटीहून अधिक व्यक्तिगत व्यवहार करणाऱ्यांचा तीन वर्षांचा हिशेब काढला. शंभरातले ९३ तोट्यात. सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींवर. नवख्याने या दाराला हात लावू नये, एवढंच मी म्हणेन.

आणि वेळेचं काय? जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या घरात होता. मार्च २००९ मध्ये तो आठ हजारांच्या आसपास होता. पुढे तो वर आला, दुप्पट-चौपट झाला, हे आपल्याला आज माहीत आहे. पण ज्याच्या मुलीचं लग्न मार्च २००९ मध्ये होतं त्याला त्याचा काय उपयोग? म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आधी बँकेत बाजूला. विम्याचा हप्ता भरलेला. पुढच्या पाच-सात वर्षांत ज्याला हात लावावा लागणार नाही, तेवढाच पैसा बाजारात. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आजी सांगायची ते इथे शब्दशः लागू आहे.

तिसरा प्रश्न : घेतलेली वस्तू माझ्या नावावर आली का? हा प्रश्न नागपूरकरांना तरी समजावून सांगायची गरज नाही. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण बाहेर आलं. शेतकऱ्यांच्या ठेवींची बँक. तिने सव्वाशे कोटींच्या आसपास रक्कम गुंतवायला दिली ती शेअरमध्ये नाही, सट्ट्यात नाही, तर सरकारी रोख्यांत. जगात याहून सुरक्षित काय असतं? पण पैसे गेले मध्यस्थांकडे, आणि रोखे बँकेला मिळालेच नाहीत. त्या मध्यस्थांतली एक कंपनी तेव्हा जाहिरातीत क्रिकेट आणि सिनेमातले सगळ्यांत मोठे चेहरे दाखवत होती. खटला वीस वर्षं चालला. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवलं, त्यावर पुढे अपील झालं. कायद्याचं जे व्हायचं ते होईल. आपल्यासाठी धडा एवढाच, की वस्तू सुरक्षित असणं आणि ती तुमच्या हातात असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर कागदी शेअर गेले आणि डिमॅट आलं. तुमचे शेअर दलालाच्या कपाटात नसतात, डिपॉझिटरीच्या खात्यात तुमच्या नावावर असतात. तिथून थेट तुम्हाला विवरणपत्र येतं. ते उघडा. दलालाच्या ॲपवरचा आकडा आणि त्या पत्रावरचा आकडा जुळतो का पाहा. आणि कोणी म्हणालं, आमच्या खात्यात पैसे टाका, आम्ही तुमच्या वतीने खेळतो, महिन्याला इतके टक्के खात्रीने देतो, तर तिथून उठा. चहासुद्धा पिऊ नका.

चौथा प्रश्न : आणि हे चुकलं तर? इथे आपण पुन्हा एम्प्रेस मिलकडे येऊ, कारण तिची गोष्ट १८७७ ला संपत नाही. सगळे प्रश्न विचारून, सगळी उत्तरं चांगली मिळवून एखाद्याने त्या गिरणीचा शेअर घेतला असता तर त्याला आणि त्याच्या मुलाला ती पावली असती. पण नातवाला, पणतवाला? शंभरहून अधिक वर्षं चालवून १९८६ मध्ये टाटांनी ती सोडली. ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. हजारो घरांची चूल त्या भोंग्यावर पेटायची. आज तिथे मॉल आहे. कापूस तोच, रेल्वे तीच, पण काळ बदलला, यंत्रमाग आले आणि जमशेटजींनी जुळवलेला हिशेब उलटला.

म्हणजे उत्तम कंपनीसुद्धा अमर नसते. १९८६ मध्येच सेन्सेक्स सुरू झाला, तेव्हाच्या तीस कंपन्यांत ॲम्बेसेडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्स होती, पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरची कागद कंपनीही होती. आज यांपैकी एकही त्या यादीत नाही. बल्लारपूर इंडस्ट्रीज २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण सेन्सेक्स जिवंत आहे. कारण यादीतून थकलेली कंपनी काढतात आणि नवी घेतात. नवख्या माणसाला निर्देशांकाचा फंड का सुचवतात, त्याचं कारण इथे आहे. कोणती गिरणी शंभर वर्षं टिकेल आणि कोणती दहा, हे ओळखायची जबाबदारी तुमच्यावर राहत नाही. भाव खाली गेले तर त्याचेही खाली जातात, हे मात्र विसरू नका. बुडण्यापासून नाही, एकाच होडीत बुडण्यापासून तो वाचवतो.

मग सुरुवात कशी करायची? जमशेटजींनी केली तशी. आधी छोटी तेलाची गिरणी. म्हणजे दरमहा अशी रक्कम, की जी अर्धी झाली तरी रात्री झोप लागेल. एक-दोन वर्षं तीच ठेवा. बाजार पडला तेव्हा आपल्याला काय वाटतं, हात थरथरतात का, बायकोपासून लपवावंसं वाटतं का, ते बघा. आपल्या पोटाचा अंदाज पुस्तकात मिळत नाही.

व्याख्यानाआधी एका काकांनी चिठ्ठी पाठवली होती, ती वाचतो. “निवृत्त झालो आहे. ग्रॅच्युइटीचे पैसे आले आहेत. मुलगा म्हणतो सगळे बाजारात टाका. काय करू?” काका, तुमच्या चिठ्ठीतला धोक्याचा शब्द ‘बाजार’ नाही, ‘सगळे’ हा आहे. ज्या पैशावर तुमचं दूध, किराणा आणि औषध चालणार आहे तो ठेवीतच राहू द्या. त्यानंतर काही उरत असेल तर त्यातला लहान वाटा मुलाला दाखवायला म्हणून निर्देशांकाच्या फंडात थोडा थोडा घाला. आणि मुलाला आज मांडलेले चार प्रश्न विचारा. त्याला उत्तरं देता आली तर तो शिकलाय. नाही आली तर दोघं मिळून शिका, घाई कुठे आहे? त्या सावकाराला दुसरी संधी मिळाली नाही, तुम्हाला ती दर महिन्याला मिळते.